चोवीस डबे आणि दोन तासांचे पाहुणे

अन्वर साखरकरांच्या घरात एक निळी सुटकेस होती आणि ती गेल्या नऊ वर्षांत कुठल्याही प्रवासाला गेली नव्हती. तिची जागा वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर. तिला नंबरचं कुलूप. आत काय आहे असं कुणी विचारलं, की अन्वरभाई गंभीर चेहऱ्याने सांगत, "जुने कागद. व्हिसा, एनओसी, सगळं." जुने कागद म्हटलं की आखातातला माणूस पुढे काही विचारत नाही, कारण प्रत्येकाकडे स्वतःचे असतात आणि त्याला ते आठवायचे नसतात.

सुटकेसमध्ये कागद नव्हते. सुटकेसमध्ये कॉर्न्ड बीफचे, म्हणजे खारवलेल्या गोमांसाचे डबे होते. तेच ते चौकोनी, खाली रुंद, वर निमुळते, बाजूला पत्र्याची बारीक किल्ली चिकटवलेली. मैमुनाबी सुपरमार्केटात साबणाच्या रांगेत रमली, की अन्वरभाई हळूच डब्यांच्या रांगेत जाऊन एक उचलत. नऊ दिरहम, म्हणजे दोनशे रुपये. महिन्यातून एकदा घरात कुणी नसलं, की कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत उभ्याउभ्याच ते एक डबा उघडत आणि खुबूसबरोबर, म्हणजे अरबी रोटीबरोबर, संपवत. पोट भरल्यावर त्यांना फार बरं वाटे आणि लगेच फार वाईट वाटे. मग रिकामा डबा तीन पिशव्यांत गुंडाळून कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये जाई.

यात लाजण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. डबा हलाल, माणूस मुसलमान, पैसे स्वतःचे. पण लाज डब्याची नव्हती, डब्याच्या पत्त्याची होती. आज अन्वरभाई जबल अलीत एका मालवाहतूक कंपनीत सुपरवायझर होते, शारजात अल मजाजला चौदाव्या मजल्यावर राहत होते आणि त्यांच्या एका खिडकीतून, जरा वाकलं तर, खाडी दिसत होती. पण आखातातली पहिली सात वर्षं त्यांनी दुबईतल्या सोनापूरच्या लेबर कँपात काढली होती. एका खोलीत बारा माणसं, पहाटे कंपनीची बस, दिवसभर पाठीवर खोकी, आणि संध्याकाळी चौघांत मिळून एक डबा. हे मैमुनाबीला माहीत होतं आणि तिला ते विसरायला सांगितलेलं होतं. मुलीला, एमानला, माहीत नव्हतं. तिला सांगितलेली हकिकत अशी, की पापा बॅचलर असताना शारजातच रोल्याला रूम होती. अन्वरभाईंनी ती रूम इतक्यांदा वर्णन केली होती, की तिच्या भिंतींचा रंगसुद्धा त्यांच्या डोळ्यांपुढे येई. फिकट पिवळा.

तर त्या वर्षी, ईदनंतरच्या आठवड्यात, मजगावकर मंडळी एमानला बघायला येणार होती. बघायला म्हणजे काय, एमान आणि उझैर एकाच कॉलेजात शिकलेले, त्यांनी आपापसात सगळं ठरवून टाकलं होतं. आता फक्त दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी एकमेकांवर छाप पाडायची बाकी होती. उझैरचे वडील लतीफ मजगावकर मूळचे दापोलीकडचे. अजमानला गाड्यांच्या सुट्या भागांची दोन दुकानं. मनगटावर जाड घड्याळ, आवाज भरदार. अन्वरभाई त्यांच्याशी फोनवर एकदाच बोलले होते आणि तेवढ्यात त्यांनी स्वतःच्या हाताखालची माणसं बाराची तीस केली होती.

सकाळीच सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. सरकारी इशारा होता: मुसळधार पाऊस, घराबाहेर पडू नका, ऑफिसं घरून. दहा मिनिटांत लतीफभाईंचा फोन आला.

"काय साखरकर, येऊ की नको? ही सरकारं फार घाबरवतात बुवा."

इथे अन्वरभाईंनी "नका येऊ" एवढे दोन शब्द म्हटले असते, तर ही गोष्ट झालीच नसती. पण रत्नागिरीच्या माणसाने आखातातल्या पावसाला भ्यायचं?

"अहो लतीफभाई, आपल्याकडे याला पाऊस म्हणत नाहीत, शिंतोडे म्हणतात. यल्ला, या तुम्ही!"

"तेच म्हणतो मी! दोन तास बसू, जेवू, निघू. खलास."

दापोलीनेही रत्नागिरीपुढे हार मानली नाही. शेजारच्या राजन कारखानिसांनी दारातून सावध केलं होतं, "अन्वरभाई, रेड अलर्ट आहे हो." पण राजन पुण्याचे. पुण्याच्या माणसाचं पावसाबद्दलचं मत कोण ऐकतो?

मंडळी आली. मैमुनाबीने सांदणं केली होती, मटण केलं होतं, पापलेटं तळली होती. शहनाझ, म्हणजे उझैरची आई, प्रत्येक घासाला माशाल्ला म्हणत होती. बाहेर काळोख झाला, काचा थडथडायला लागल्या, तरी दोन्ही पुरुष "आमच्याकडे एकदा काय झालं" अशी सुरुवात करून आपापल्या गावचे पूर एकमेकांना ऐकवत होते. तिसरा पूर चालू असताना उझैर खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "डॅड, अवर कार इज मूव्हिंग."

सगळे धावले. खाली रस्ता नव्हताच. लतीफभाईंची पांढरी गाडी सावकाश एक गिरकी घेऊन समोरच्या इमारतीकडे निघाली होती. तिथे ती एका खजुराला टेकून थांबली. मग दिवे गेले, लिफ्ट गेली, आणि दोन तासांचे पाहुणे मुक्कामाला राहिले.

पहिला दिवस हसण्यात गेला. दुसऱ्या दिवशी फ्रीज पाझरायला लागला, तेव्हा मैमुनाबीने त्यातलं सगळं शिजवून पाहुण्यांपुढे मांडलं. सकाळी चिकन, दुपारी कोळंबी, तिन्हीसांजेला कोळंबीचाच उरलेला रस्सा. गॅसचं सिलिंडर होतं म्हणून अब्रू शिल्लक होती. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात तांदूळ, कांदे, बटाटे, पीठ आणि फोडणीचं सामान याखेरीज काही उरलं नाही.

मदत येत होती. बोटीतून पाणी, ब्रेड आणि फळं खालच्या लॉबीपर्यंत पोचत होती आणि राजन कारखानीस तिचं वाटप करत होते. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पण इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांचा, एक्सेल शीट त्यांची, आणि गळ्यात शिट्टीही होती. ती त्यांनी कुठून आणली, हे त्यांच्या बायकोला, प्रमिलावहिनींनाही कळलं नाही. अन्वरभाई चौदा मजले उतरून खाली गेले.

"चौदाशे दोन," राजननी बॅटरी शीटवर धरली. "तीन माणसं. तीन बाटल्या, तीन ब्रेड."

"राजन, सहा आहेत घरात. पाहुणे अडकलेत ना."

"मला माहितीय हो. दारातच सांगितलं होतं मी. पण तुमच्या टेनन्सी कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन आहेत. उद्या नववा मजला म्हणेल आमच्याकडेही पाहुणे आहेत, मग मी काय करू? तुम्ही एक व्हिजिटर डिक्लरेशन भरा. फॉर्म ऑनलाइन आहे."

"नेट कुठंय?"

"नेट आलं की भरा."

शेवटी राजननी स्वतःच्या वाट्याच्या दोन बाटल्या काढून दिल्या आणि शीटमध्ये त्यांची नोंद "मानवतावादी" अशी केली. प्रमिलावहिनींनी सहा थालिपीठं दिली आणि सल्लाही दिला, की पाहुण्यांना मुगाची खिचडी द्या, पचायला हलकी. सोयरिकीला आलेल्या कोकणी मुसलमानांपुढे मुगाची खिचडी ठेवायची, ही कल्पनाच अन्वरभाईंना चौदा मजले चढताना दर मजल्यावर नव्याने टोचत होती.

घरी पोचले तेव्हा मैमुनाबी स्वयंपाकघराच्या दारात हात पुढे करून उभी होती.

"उघडून द्या."

"काय?"

"सुटकेस."

"अगं, त्यात कागद..."

"नऊ वर्षं मी कपडे धुतेय त्या फळीखाली. तुमच्या शर्टाला महिन्यातून एकदा वास येतो, तो कागदांचा? नंबर मीच लावते. एमानचा वाढदिवस ना?"

अन्वरभाई आपल्याच घरात, आपल्याच बायकोपुढे, कानापर्यंत लाल झाले. तिने शांतपणे चोवीसातले दोन डबे काढले. पुढे तिने जे केलं, त्याला तोड नाही. कांदा लालसर परतला, आलं-लसूण, हिरवी मिरची, घरचा गरम मसाला, बटाट्याच्या फोडी, वरून कोथिंबिरीच्या वाळलेल्या काड्या. मेणबत्तीच्या उजेडात तो खिमा ताटात आला, तेव्हा अन्वरभाईंनाही क्षणभर संशय आला, की हा नक्की आपलाच डबा का?

शहनाझने घास घेतला आणि डोळे मिटले. "मैमुनाबी, हाताने चिरलेला खिमा लगेच कळतो. मशीनच्या खिम्याला ही चव नाही."

मैमुनाबीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताटाकडे पाहिलं.

"खाटीक कुठला तुमचा?" लतीफभाईंनी विचारलं.

"आहे एक ओळखीचा," अन्वरभाई म्हणाले. तेवढ्यावर थांबावं की नाही? "फक्त माझ्यासाठी वेगळा काढून ठेवतो. म्हातारा आहे. नंबर देतो तुम्हाला, इन्शाल्ला, फोन चार्ज झाला की."

त्या वेळी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना फोन चार्ज नसल्याचं समाधान वाटलं. जेवणं झाल्यावर रिकामे डबे परत सुटकेसमध्ये गेले, कारण कचऱ्याचा शूट बंद होता. म्हणजे नऊ वर्षं त्या सुटकेसमध्ये भरलेला खोटेपणा होता, आता रिकामाही होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस केव्हाच थांबलेला, ऊन पडलेलं, पण रस्त्यात कमरेएवढं पाणी. सगळे खिडकीशी उभे होते. खाली नारिंगी कपड्यांतली चाळीसएक माणसं आली होती. काही पंपांचे जाड पाइप ओढत होती, काही डोक्यावर पाण्याची खोकी घेऊन इमारती-इमारतींत शिरत होती.

"कुठून आणली एवढी माणसं?" शहनाझने विचारलं.

आता हे उत्तर अन्वरभाईंना द्यायची काही गरज नव्हती. पण रात्रभर सोफ्यावर झोपून पाठ आखडली होती, घरात खायला नव्हतं, राजनच्या शीटमध्ये आपण मानवतावादी झालो होतो. अशा वेळी माणसाला कुणाच्या तरी वर उभं राहावंसं वाटतं.

"सोनापूरची असणार," ते म्हणाले. "कँपातली. त्यांना सवय असते हो अशा कामाची. आपल्याला नाही जमायचं."

"अगदी," लतीफभाईंनी घड्याळ सारखं केलं. "मी तर त्या बाजूला कधी गेलोही नाही. गाडीसुद्धा वळवत नाही तिकडे."

"पापा, दॅट्स सो रूड," एमान म्हणाली. "दे आर ब्रिंगिंग अस वॉटर."

"अगं, वाईट काय म्हटलं मी?" असं अन्वरभाई म्हणाले खरे, पण खाली बघणं त्यांना जमेना. पाठीवर खोकं घेतलेला माणूस मान कशी तिरपी धरतो, हे त्यांना चौदाव्या मजल्यावरून ओळखू येत होतं.

दुपारी पुन्हा डब्यांची पाळी आली. मैमुनाबीने चार मागितले. पहिल्या डब्याची किल्ली अर्ध्यावर मोडली. दुसऱ्याची लावतानाच मोडली. कालचे दोन वरचे, नवे होते; हे तळाचे, वॉशिंग मशीनच्या वाफेवर वर्षानुवर्षं राहून यांच्या किल्ल्या गंजल्या होत्या. घरात ओपनर होता, पण तो एमानने वाढदिवसाला दिलेला, विजेवर चालणारा. सुरीचं टोक वाकलं. स्क्रू-ड्रायव्हरने अन्वरभाईंचा अंगठा कापला.

"पाच मिनिटं," ते म्हणाले आणि डबा कुडत्याखाली घेऊन कपड्यांच्या बाल्कनीत गेले. दार लोटलं. खाली खरखरीत सिमेंट होतं. पंचवीस वर्षांत त्यांनी हे केलं नव्हतं, पण गुडघे आपोआप वाकले. ते उकिडवे बसले, डबा दोन्ही हातांत दाबून धरला आणि त्याची कड जमिनीवर घासायला लागले. खर्र, खर्र. घासून घासून काठावरची दुमड झिजली, की झाकण आपसूक सुटतं. सोनापूरच्या त्या खोलीत बारा जणांत एकही ओपनर नव्हता आणि किल्ल्या तर तेव्हाही मोडत.

दार उघडलं. लतीफभाई. बोटांत न पेटवलेली सिगारेट.

अन्वरभाई जागच्या जागी गोठले. सुपरवायझर, तीस माणसांचा साहेब, व्याही होऊ घातलेला गृहस्थ, सिमेंटवर उकिडवा बसून बीफचा डबा घासत होता. उठावं तर गुडघे उठू देईनात. काही सांगावं तर काय? म्हातारा खाटीक याच डब्यात राहतो?

लतीफभाईंनी सिगारेट खिशात ठेवली.

"उलटा धरलायस," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"डबा. मोठी बाजू खाली. नाहीतर निम्मं आतच अडकतं." आणि ते शेजारी बसले. जाड घड्याळ काढून त्यांनी कठड्यावर ठेवलं, डबा घेतला आणि एका लयीत घासायला लागले. त्यांचा हात अन्वरभाईंपेक्षा बराच तयार होता. "कुठला कँप?"

अन्वरभाईंनी सांगितलं.

"मी त्याच्या मागच्या गल्लीत. अकरा वर्षं." खर्र, खर्र. "खिमा मी पहिल्याच घासाला ओळखला होता. मग म्हातारा खाटीक आला. म्हटलं, चालू दे. मी तरी कुठे खरं सांगितलंय कुणाला?"

गळ्यात गळे घालावे असा हा क्षण होता, पण तसं काही झालं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. सकाळी खिडकीत उभं राहून दोघे जे बोलले होते, ते त्या अरुंद बाल्कनीत त्यांच्या मधे बसलं होतं. अन्वरभाईंना वाटलं, हा माणूस अनोळखी असता तर बरं झालं असतं. ओळखीच्या माणसापुढे लाज दुप्पट लागते.

आवाज ऐकून घर गोळा झालं. दारात एमान, तिच्यामागे उझैर, त्यांच्यामागे दोन्ही बायका.

"पापा? व्हेअर डिड यू लर्न दॅट?"

"यूट्यूब," लतीफभाई चटकन म्हणाले. सवय होती ती. "यूट्यूबवर असतं सगळं."

अन्वरभाईंनी नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं. यूट्यूबच्या नावावर काय वाटेल ते खपतं. रोल्याची फिकट पिवळी रूम शाबूत राहिली असती, सोयरीक शाबूत राहिली असती. त्यांनी अंगठ्यावरचं रक्त कुडत्याला पुसलं. मुलगी वाट बघत होती.

"सोनापूरला," ते म्हणाले. "कँपात. सात वर्षं होतो मी तिथे."

एमान त्यांच्याकडे बघत होती. शाळेत गेल्यापासून ही मुलगी बापाला इंग्रजीतच उत्तर देत आली होती. कितीही रागवा, उत्तर इंग्रजीत. ती आता मराठीत बोलली.

"मग सकाळी तसं का बोललात?"

इंग्रजीत विचारलं असतं, तर काहीतरी सुचलं असतं. आता अन्वरभाई सिमेंटकडे बघत होते, आणि लतीफभाईही.

शेवटी शहनाझ म्हणाली, "म्हणजे खिमा हाताने चिरलेला नव्हता." आणि मैमुनाबी म्हणाली, "नाही. पण मसाला घरचाच होता. आता सगळ्यांनी बघितलंच आहे, तर उरलेलेही तिथेच घासून आणा, भात निवतोय."

जेवण झालं. नवल म्हणजे सोयरिकीचा विषय कुणी काढलाच नाही, कारण सोयरीक मोडलीय असं कुणाला वाटलंच नव्हतं. उझैर एमानच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघे उठून वॉशिंग मशीनकडे गेले. थोड्या वेळाने एमान निळी सुटकेस ओढत बाहेर आली. आत अठरा भरलेले डबे उरले होते. तिने सुटकेस बापासमोर ठेवली.

"खाली ती माणसं अजून आहेत," ती म्हणाली. पुन्हा मराठीत. "तुम्ही द्या."

नऊ वर्षांनी सुटकेसचा प्रवास झाला, चौदा मजले खाली. एक बाजू अन्वरभाईंनी धरली, एक लतीफभाईंनी. लॉबीत राजननी शिट्टी फुंकली, आत बघितलं आणि ते घाईघाईने दोन पावलं मागे सरले. "हे माझ्या शीटमध्ये कुठल्या कॉलममध्ये घालू?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे, न्या."

पाणी आता घोट्यापर्यंत उतरलं होतं. नारिंगी कपड्यांतली पाच-सहा माणसं इमारतीच्या पायरीवर दम खात बसली होती. त्यांच्यासमोर खुबूसचं पाकीट होतं, आणि दुसरं काही नव्हतं. अन्वरभाईंनी सुटकेस उघडली. एका पोक्त माणसाने डबा हातात घेतला, फिरवून पाहिला, किल्ली ओढली. ती मोडली. तो हसला, पायरीवरून उतरून फरशीवर बसला आणि कड घासायला लागला.

"चाचा, हम भी बैठें?" अन्वरभाईंनी विचारलं. "साथ में खाएँ?"

त्या माणसाने वर पाहिलं. चौदाव्या मजल्याचा कुडता, लतीफभाईंचं घड्याळ, दोघांच्या पोटांचे घेर. मग तो अगदी मायेने म्हणाला, टोमणा नव्हता तो.

"रहने दो साहब. हमको आदत है. आप से नहीं होगा."

सकाळचं आपलंच वाक्य इतक्या चांगल्या मनाने परत मिळेल, असं अन्वरभाईंना वाटलं नव्हतं. तो रागाने बोलला असता, तर सोपं गेलं असतं. लतीफभाई बाजूला वळून खजुराला टेकलेल्या आपल्या गाडीकडे बघायला लागले. अन्वरभाई वाकले, गुडघे वाजले, ओल्या फरशीवर ते मांडी घालून बसले आणि त्यांनी सुटकेसमधला एक डबा उचलला. मोठी बाजू खाली धरली आणि घासायला लागले.

त्या माणसाचा हात थांबला. तो अन्वरभाईंच्या हातांकडे बघत राहिला.

"कौन सा कँप था, साहब?" त्याने विचारलं.

अन्वरभाईंनी कँपचं नाव सांगितलं, खोलीचा नंबर सांगितला, आणि मान वर न करता डबा घासत राहिले.